ओल्या फडक्याखाली

सर : ते फडकं सोडू नकोस. आवळून बांध. अजून.

बाई : रक्त थांबलंय, सर. आता नुसती सूज आहे. आणखी आवळलं तर बोटं काळी पडतील.

सर : पडू देत काळी. दोन बोटं माझी आहेत की शेजाऱ्याची, हेच मला कळेनासं झालंय. पोलिसांना कळवलंस का?

बाई : शिपाई फोन करायला गेलाय. पोलिसांनाही आणि रुग्णवाहिकेलाही. तोवर मला किल्ली द्या.

सर : कसली?

बाई : साच्यांच्या खोलीची. तुमच्या एप्रनच्या खिशात आहे. मुकीला केसांना धरून आत फेकलंत आणि डाव्या हाताने कुलूप घातलंत, तेव्हा मी इथेच होते.

सर : तेच तर म्हणतो मी. विभागप्रमुख इथेच होत्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एका विद्यार्थिनीने हातोडीने माझा उजवा हात ठेचला. त्या माती घडवायच्या फिरत्या पाटावर बघ. पुसू नकोस ते. पोलीस बघू देत.

बाई : त्यातलं सगळं रक्त तुमचं नाही.

सर : माझ्या वर्गात कोणाचं रक्त किती, ते मी ठरवतो.

बाई : सर, त्या खोलीला खिडकी नाही. प्लास्टरची पोती फाटलेली आहेत, जरा हललं तरी धूळ उडते. तिची दोन बोटं तुम्ही मोडलीत. आत चक्कर येऊन पडली असेल ती.

सर : पडली असेल तर उठेल. आणि तू एवढी का कळवळतेस? तुला विद्यार्थ्यांचे अभिप्राय हवे होते ना? विभाग सुधारायचा होता. मग मिळाला की अभिप्राय. प्राचार्यांना नेऊन दाखव हा माझा हात. म्हणावं, यंदा विद्यार्थी अगदी मोकळेपणाने व्यक्त झाले.

बाई : पाच वाजेपर्यंत इकडे फिरकू नका, असं मी तुम्हाला हात जोडून सांगितलं होतं.

सर : माझ्या खोलीत, माझ्या मातीने, माझ्याविरुद्ध खलबतं चालली आहेत आणि मी कॅन्टीनमध्ये चहा ढवळत बसू?

बाई : तुमच्याविरुद्ध काही नव्हतं. भट्टीला तडा गेलाय, नळाला पाणी नाही, मुलं अर्ध्यात सोडून जातात. पुढच्या वर्षीही प्रवेश असेच घटले तर या विभागाला टाळं लागणार आहे. काय बदलायला हवं, एवढंच मुलांना विचारलं मी.

सर : गेल्या वर्षीही विचारलं होतंस. तेव्हा काय लिहिलं सगळ्यांनी? सर म्हणजे देवमाणूस.

बाई : सगळ्यांनी नाही. दोघांनी खरं लिहिलं. तुम्ही माझ्या टेबलावरून कागद उचललेत, अक्षर ओळखलंत आणि त्या दोघांना भट्टीमागे नेलंत. एकाच्या कानातून अजून पाणी येतं. दुसरा परत आलाच नाही.

सर : म्हणून यंदा माती.

बाई : म्हणून माती. कागद नाही, नाव नाही. प्रत्येकाने एक गोळा घ्यायचा, विभागात जे बदलायला हवं ते मातीत करायचं, वर ओलं फडकं टाकायचं आणि हात धुवायला जायचं. कोणी काय केलं ते कोणाला कळायचं कारणच नव्हतं.

सर : ढेकळे, इतकी वर्षं माझ्या हाताखाली काढलीस आणि एवढंही शिकली नाहीस? माणूस अक्षर बदलू शकतो. अंगठा कसा बदलेल? कोण माती दाबतो, कोण ओरबाडतो, कोण घाबरून नुसता थोपटत बसतो, ते डोळे बांधले तरी सांगेन मी. तू फडकी टाकून ठेवलीस. मी फडकी उचलली आणि एकेकाचं नाव वाचत गेलो.

बाई : ती माझी चूक. माती ज्याला कळते त्याच्यापासून मी मातीतच लपवायला गेले.

सर : सुरुवात तर फार गोड होती. एकाने नळ केला होता, सुकलेला, तोटीवर कोळ्याचं जाळं. एकीने न उघडणारी खिडकी. त्यांना मी काही म्हटलं? पाठ थोपटली त्यांची.

बाई : आणि मग हात निघायला लागले.

सर : हो. हात.

बाई : एका फडक्याखाली सुजलेला, एकाखाली नख गेलेला, एकाखाली अंगठाच वाकडा. त्यांनी ठरवून केलं नव्हतं, सर. मी इथे बसले होते, कोणी कोणाच्या पाटाकडे मान वळवून बघत नव्हतं. विभागात काय बदलायला हवं म्हटल्यावर ज्याला त्याला आपापला हात आठवला.

सर : कट होता.

बाई : कट असता तर तुमचा चेहरा केला असता.

सर : काम मात्र चांगलं होतं, ते मान्य करायला हवं. वर्षभर घसा फोडून सांगतोय, कातडीवर थांबू नका, आत हाड कुठे आहे ते बघा. आज पहिल्यांदा हाडं दिसली मला.

बाई : मग थापीने भुगा का केलात त्यांचा?

सर : मातीचा भुगा होत नाही. माती पसरते.

बाई : मुलांचं काय? दाराला कडी घातलीत, एकेकाला पुढे बोलावलंत, मातीच्या हाताशेजारी त्याचा खरा हात ठेवायला लावलात. एक थापी मातीवर, एक बोटांवर. मातीवर पडली की धप्प आवाज येत होता. बोटांवर पडली की वेगळा. पुढचा फटका कशावर पडला ते मी डोळे मिटूनही सांगू शकत होते. आणि एकही पोर पळालं नाही. रांगेत उभी होती, बाही वर करून.

सर : त्याला शिस्त म्हणतात.

बाई : मला त्यांच्या त्या रांगेचीच भीती वाटली, सर. तुमच्यापेक्षा जास्त.

(साच्यांच्या खोलीच्या लोखंडी दारावर आतून एक थाप पडते.)

बाई : बाळा, मी आहे. ऐकू येतंय का? दाराच्या खालच्या फटीशी तोंड ने, धूळ ओढू नकोस. दुखरा हात वर धर, खांद्याशी. ऐकलं असशील तर परत एकदा वाजव.

सर : नाही वाजवणार. मुकी म्हणतात तिला ते उगाच नाही. वर्गात कधी हूं की चूं केलं नाही. बोलली ती एकदम हातोडीनेच.

बाई : किल्ली द्या, सर.

सर : देईन. हवालदार आला की त्याच्या हातात देईन. तोवर तू या स्टुलावर बस आणि त्याला काय सांगायचंय ते नीट ऐकून घे.

बाई : मला काय सांगायचंय?

सर : मातीचे हात म्हणजे वर्गाचा अभ्यास. मीच दिला होता. मुकीचं काम बिघडलं, मी दोन शब्द बोललो, तिच्या डोक्यात सणक गेली आणि तिने हातोडी उचलली. तिची बोटं मोडली ती साच्याचं झाकण पडून.

बाई : आणि बाकीच्यांची?

सर : झाकण जड आहे.

बाई : तिचं पुढे काय होईल?

सर : पुढे काय व्हायचंय? तुरुंगात जाईल. कुठल्याही कलाशाळेच्या पायरीवर तिला कोणी उभं करणार नाही, एवढी ओळख माझी नक्की आहे.

बाई : मी असं सांगितलं नाही तर?

सर : सांगशील. तुला सवय आहे. तुझी करंगळी मोडली त्या दिवशी दवाखान्यात मी तुझ्या शेजारी होतो. डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, दगड पडला. इतकी सहज म्हणालीस की क्षणभर मलाही तो दगड दिसला.

बाई : आईलाही तेच सांगितलं. नवऱ्यालाही. लेक लहान असताना या बोटाशी खेळायची, तिने विचारलं तेव्हा तिलाही. तिला तर दगडाचा रंगसुद्धा सांगितला मी.

सर : आणि काय वाईट झालं तुझं त्याने? शिष्यवृत्ती मिळाली, नोकरी मिळाली. आज माझ्याच डोक्यावर विभागप्रमुख म्हणून बसलीस. मी शब्द टाकला नसता तर बसली असतीस?

बाई : मी माती सोडली.

सर : म्हणजे?

बाई : त्या दिवसापासून मातीला हात लावला नाही मी. कलेचा इतिहास शिकवला, वेळापत्रकं केली, बैठका घेतल्या, प्राचार्यांची बोलणी खाल्ली. याच खोलीतून रोज ये-जा केली, पण गोळा कधी हातात घेतला नाही. तुमच्या लक्षातही आलं नाही.

सर : येऊन काय फरक पडला असता? मध्यम होतीस तू. मेहनती, पण मध्यम.

बाई : शेवटचं फडकं आठवतंय का तुम्हाला?

सर : कुठलं?

बाई : त्या खिडकीजवळच्या पाटावरचं. ज्याच्यावरून पुढचं सगळं घडलं. ते काम अजून तिथे आहे बघा, सगळ्या हातांपैकी तेवढा एकच धड राहिलाय.

सर : आतल्या बाजूला वळलेल्या करंगळीचा हात. मुकीचा.

बाई : मुकीचं काम तुम्ही आधीच फोडलं होतं. आपल्या वाट्याची थापी खाऊन ती जागेवर परतली होती.

सर : सगळ्यांची नावं लागली आणि हे एक उरलं. अंगठा ओळखीचा लागेना. कच्चा, बिचकत बिचकत दाबलेला. शेजारी मुकी बसली होती, म्हणजे तिनेच चोरून दोन गोळे घेतलेले. मी विचारलं, हेही तुझंच का? नाही म्हणाली नाही ती.

बाई : हो तरी कुठे म्हणाली?

सर : न बोलणं म्हणजे होच.

बाई : ते माझं होतं, सर.

सर : काय तुझं होतं?

बाई : तो हात. मुलं गोळे घेऊन नुसती बसली होती. कोणी सुरुवात करेना. मागून कोणीतरी म्हणालं, बाई, आधी तुम्ही करा ना. मुकीच्या शेजारचा पाट रिकामा होता, तिथे बसले. वाटलं, सोपं काहीतरी करावं, एखादा पेला वगैरे. काय करतेय ते कळायच्या आत करंगळी झाली होती.

सर : खोटं बोलतेस. तुझा हात मी ओळखणार नाही? माती कशी मळायची ते तुला मी शिकवलं.

बाई : नाही ओळखलात.

सर : तो पहिल्या वर्षाच्या पोराचा अंगठा होता.

बाई : तो इतक्या वर्षांनी मातीला लागलेला अंगठा होता. मलाही तो माझा वाटला नाही.

सर : मी यात चुकत नाही. बाकी कशातही चुकेन, यात नाही.

बाई : आज चुकलात. आणि त्या चुकीपायी तुम्ही माती तशीच सोडून तिचं मनगट पाटावर दाबून धरलंत आणि थापी आडवी न मारता कडेने मारलीत. मी ती बोटं वाकताना पाहिली. दुसऱ्यांदा मारलीत ते तर काहीच कारण नसताना.

सर : मग तू काय करत होतीस तेव्हा?

बाई : दाराशी उभी होते.

सर : तोंड होतं ना तुला? माझं आहे, एवढं म्हणायला काय धाड भरली होती?

बाई : मी करंगळी मुठीत लपवली.

सर : काय केलंस?

बाई : तुम्ही तिला विचारलंत, तुझं का, आणि माझी मूठ मिटली. ठरवून नाही, आपोआप मिटली. तिने माझ्याकडे बघितलं. ते काम कोणाचं ते तिला ठाऊक होतं, ती शेजारीच बसली होती. नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी सुटली असती ती. तिने नाही दाखवलं. मी मान खाली घातली. मग थापी पडली, दोनदा पडली, आणि मग तिने हातोडी घेतली. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सर : मग ओरडतेस कोणावर? तूही माझ्याच पंक्तीतली.

बाई : हो. म्हणून तर किल्ली मागतेय.

सर : हात जाणार माझा. कळतंय का तुला ते? अंगणात मी घडवतोय त्या पुतळ्याचा चेहरा व्हायचाय अजून. मला डाव्या हाताने साधी सही येत नाही.

बाई : कळतंय. वाईटही वाटतंय, आणि त्याचाच मला राग येतोय.

सर : मला कधी कोणी मारलं नाही, माहीत आहे? माझे गुरुजी फार सज्जन. आवाजसुद्धा चढवला नाही कधी. काहीही नेऊन दाखवलं की छान, छान. म्हणून मी असा अर्धाकच्चा राहिलो, चौकाचौकांतले पुतळे करणारा. कावळेसुद्धा मान देत नाहीत त्यांना. माझ्या पोरांचं असं नुकसान होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

बाई : तुमच्या हाताखालून गेलेला एक तरी शिल्पकार दाखवा मला. एक जण दुकानाच्या पाट्या रंगवतो. एक औषधं विकतो. एक जण भेटला होता, तो लहान मुलाला वाळूत खेळायलाही नेत नाही. मातीत एकही राहिला नाही, सर. तुम्हाला अभिप्राय हवा असेल तर हा माझा.

सर : ती आतली मात्र राहिली असती. तिचा अंगठा चांगला होता. पाहिलंस ना तिचं काम?

बाई : तुम्ही फोडायच्या आधी पाहिलं. दुसऱ्यांदा दार वाजलं नाही. लक्षात आलं का तुमच्या? मी वाजव म्हटलं होतं.

सर : सरक. मीच बघतो.

बाई : द्या किल्ली, मी उघडते.

सर : मी उघडणार. ती थापी दे इकडे. नको, घेतली मी. डावा हात शाबूत आहे अजून.

बाई : थापी कशाला हवीय?

सर : तिच्याच तोंडून वदवून घेतो. ते काम तिचं होतं, तिनेच केलं. उरलेल्या बोटांना विचारतो एकेक करून, बोलतील ती. मी त्या अंगठ्यात चुकलेलो नाही.

बाई : थापी खाली ठेवा.

सर : बाजूला हो, ढेकळे.

बाई : खाली ठेवा, सर.

सर : नाहीतर काय करशील? ठेव तुझा हात मध्ये. परत एकदा दगड पडेल. काय करतेस? हा हात सोड. हा नको, हा दुखरा आहे, सोड. सोड, मेलो, आई गं.

बाई : किल्ली.

सर : हाताच्या आत हलतंय काहीतरी. सोड गं, पाया पडतो तुझ्या.

बाई : थापी टाक आणि किल्ली दे. हाड कुठे आहे ते मला नीट कळतंय. कातडीवर थांबू नका, हे तूच शिकवलंस.

सर : टाकली. टाकली थापी. खिशात आहे किल्ली, तूच घे, पण दाबू नकोस.

हवालदार : ओ बाई, सोडा आधी त्यांना. सोडा म्हणतो ना. ओरडणं पार जिन्यापर्यंत येतंय. फोनवर सांगितलं की विद्यार्थिनीने मास्तरांना मारलं. ती तुम्हीच का? वयाने जरा थोराड वाटता.

बाई : ती आत आहे. ही किल्ली घ्या. तुम्ही उघडा, लवकर.

सर : हवालदार, आधी हे लिहून घ्या. तुमच्या डोळ्यांसमोर हिने माझा मोडलेला हात पिळला.

हवालदार : लिहू, लिहू. तुम्ही त्या स्टुलावर टेका. बाहेर व्हरांड्यात पोरं बसलीत भिंतीला पाठ लावून, सगळ्यांचे हात काखेत. मी म्हटलं, थंडी वाजते का रे? तर हात आणखीच आत घेतले. काय गंजलंय हे कुलूप. हां, निघालं. अरे बापरे. बाई, या इकडे.

बाई : बाळा.

हवालदार : नखशिखांत पांढरी झालीय. श्वास आहे, घाबरू नका, श्वास आहे. डोळे उघडतेय बघा. धरा तुम्ही तिकडून, मी इकडून घेतो. त्या हाताला नको, त्या हाताला नको.

बाई : माझ्याकडे बघ. खोक, खोकून टाक सगळं. पाणी घे. हळूहळू. मी तुझा हात धरत नाही, तूच माझ्या मांडीवर ठेव, तुला जमेल तसा.

सर : ती आरोपी आहे. बेड्या घाला तिला.

हवालदार : कुठे घालू, मास्तर? मनगट कुठे संपतं आणि बोटं कुठे सुरू होतात, ते दाखवा मला. पोरी, मला एकच सांग. हातोडी तू मारलीस का? मान हलवली. बरं. नाकबूल तर करत नाही. का मारलीस? बोलत नाही का ही?

बाई : मी बोलते.

सर : बोल. दगडाचं सांग त्यांना.

हवालदार : कसला दगड?

बाई : दगड नव्हता. कधीच नव्हता. हवालदारसाहेब, तिने हातोडी मारली, ते लिहा. मी ते लपवणार नाही. पण का मारली ते त्याच्या आधी लिहा.

हवालदार : क्रमाने सांगा बाई, मला कलेतलं काही कळत नाही. इतक्या पाटांवर हा चिखल काय पसरलाय?

बाई : मुलांना मी विचारलं होतं, विभागात काय बदलायला हवं. त्यांनी मातीत उत्तर दिलं. हा चिखल म्हणजे ती उत्तरं. सरांनी एकेक उत्तर फोडलं, आणि ज्याचं उत्तर त्याची बोटंही.

सर : वर्गाचा अभ्यास होता तो.

हवालदार : मास्तर, तुमचीही पाळी येईल. आणि खिडकीजवळचा हा एक हात तेवढा आहे तसाच, तो कोणाचा?

सर : तिचा. मुकीचा. मी सांगतो ना, तिचाच.

बाई : माझा. थांबा, शेजारी ठेवून दाखवते. ही माझी करंगळी, आणि ही बघा मातीतली.

हवालदार : तशीच आहे हो. अगदी नखापासून. ही मोडली कशाने?

बाई : ती जमिनीवर पडलीय ना, त्या थापीने. त्यांनी मोडली. तेव्हा मी या पोरीच्या वयाची होते. आज माझ्या या कामाबद्दल त्यांनी हिला मारलं आणि मी तोंड उघडलं नाही.

सर : मध्यम. पहिल्यापासून मध्यम होतीस तू.

हवालदार : खाली गाडी आली वाटतं. आधी पोरीला नेतील, मग मास्तरांना. एका गाडीत दोघांना नको. बाई, तुम्ही तिच्याबरोबर जा, पण जायच्या आधी एवढं सांगा. मी दोन पानं करतोय. एकावर मार खाल्लेले, एकावर मार बघणारे. बाहेरची पोरं पहिल्या पानावर घेतो, बोलतील तेव्हा बोलतील. तुमचं नाव कुठे लिहू?

बाई : दोन्हीकडे.